पुतळाबाईच्या वाटणीची गोळी

पुतळाबाईला राग फार लवकर येतो, आणि माझं तिच्याशी त्यामुळेच पटतं. भुईगावात तिच्या नि माझ्या वाडीच्या मध्ये एकच कुंपण आहे. इकडे मी, सालोमी. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, तरी गाव अजून मला टीचरच म्हणतं. तिकडे ती, मोगऱ्याच्या ताटव्यात वाकलेली, कोणावर तरी तोंड टाकत असलेली. रिक्षावाल्यानं देवळापाशीच उतरवलं म्हणून ओरडेल, फुलवाल्यानं वजनात मारलं म्हणून वसईच्या बाजारात उभी राहून त्याच्या सात पिढ्या काढेल. माझ्या नळीचं पाणी तिच्या बाजूला वाहून गेलं तरी मला सुनावते. फुकटचं पाणी तिला नको असतं.

तिच्या सगळ्या रागाचं मूळ एकच आहे. कोणाच्या वाटणीचं कोणी घ्यायचं नाही. तिच्या सासऱ्यांनी वाडी दोन मुलांत वाटली, पण विहीर एकच होती. मग पाळी लावली. एक दिवस थोरल्याच्या घरचं पाणी, दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या. थोरला म्हणजे पुतळाबाईचा नवरा. तो वारला तरी पाळी मोडली नाही. धाकटा दिवाकर तिला कितीदा म्हणाला, वहिनी, माझ्या दिवसाचंही पाणी घे, मी एकटा माणूस, मला किती लागतंय. ती पंपाची चावी त्याच्या ओट्यावर ठेवून निघून यायची. ती लग्न होऊन आली तेव्हा दिवाकर चौथीत होता आणि सासूनं अंथरूण धरलं होतं. त्याला न्हाऊमाखू घालण्यापासून दहावीच्या परीक्षेला नेऊन सोडण्यापर्यंत सगळं हिनंच केलं. त्यानं लग्न केलं नाही. आता तो साठीचा झाला, तरी ताटात मासळीचा तुकडा कोणाला मोठा गेला यावरून दोघांची अजून भांडणं होतात. त्याला मोठा मिळावा म्हणून ती भांडते आणि तिला मिळावा म्हणून तो.

दोघांचेही गुडघे गेले होते. आयुष्यभर उकिडवं बसून खुरपणी करायची आणि पहाटे कळ्या खुडायच्या, मग गुडघे टिकणार कसे? गेल्या वर्षी गावाच्या सभागृहात मुंबईच्या एका विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजचे डॉक्टर आले. गुडघ्यासाठी नवीन औषध शोधलंय, त्याची चाचणी आहे, म्हणाले. आणि वर मोठ्या अभिमानानं सांगितलं, ही कुठल्या कंपनीची चाचणी नाही, विद्यापीठ स्वतः करतंय. विद्यापीठ म्हटल्यावर आमच्या गावानं मान डोलावली. मीही डोलावली. ज्यात नफा नाही त्यात खोट कशी असेल?

कागद भरपूर होते. मराठीत होते म्हणायचे, पण ती मराठी कुठल्या घरात बोलतात ते मला अजून कळलेलं नाही. दुसऱ्या पानावर माझंच डोकं बधिर झालं. ऋतिका नावाची एक मुलगी सगळ्यांना भराभर समजावत होती. मुलगी वाईट नव्हती, पण तिच्यासमोर रांग होती आणि दुपारी तिला दुसऱ्या गावाला जायचं होतं. तिनं पुतळाबाईला सांगितलं की काहींना औषध मिळेल, काहींना औषधासारखी दिसणारी साधी गोळी मिळेल. पुतळाबाईनं विचारलं, असं का? ऋतिका म्हणाली, तशी पद्धत असते आजी, इथे सही करा.

तशी पद्धत असते! मला या तीन शब्दांचा जितका राग येतो तितका दुसऱ्या कशाचा येत नाही. सांगायला काय झालं होतं? औषध घेतलं एवढ्या भरवशानंच माणसाला निम्मं बरं वाटतं. मग औषधाचा गुण किती आणि भरवशाचा किती हे कळणार कसं? म्हणून अर्ध्यांना औषध द्यायचं, अर्ध्यांना साधी गोळी. कोणाला काय गेलं ते घेणाऱ्यालाही सांगायचं नाही, देणाऱ्या डॉक्टरलाही नाही, म्हणजे कोणाचाच भरवसा आड येत नाही. शेवटी दोन्ही गटांचे गुडघे ताडून बघायचे. औषध नवं आहे, म्हणजे त्यानं अपायही होऊ शकतो, आणि तो कोणाला होतो हेही याच चाचणीत बघायचं असतं. म्हणून आपली गोळी आपणच घ्यायची, दुसऱ्याला अर्धीही द्यायची नाही. जिवावर बेतलं तर कोणाला काय दिलं होतं ते उघडून बघता येतं, पण ज्याच्या नावाची गोळी त्याच्याच पोटात गेली असेल तरच त्या बघण्याला अर्थ. आणि नको वाटलं तर कधीही सोडून द्यायचं, कोणी काही म्हणणार नाही. झालं. हे मी सातवीच्या वर्गाला अर्ध्या तासात समजावलं असतं. मला हे सगळं नंतर कळलं, त्यांना मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

गोळी कोणाला देऊ नका, असं ऋतिका म्हणाली असेलही. ती म्हणते, सांगितलं होतं. पण का नाही द्यायची ते सांगितलं नाही, आणि पुतळाबाई कारण नसलेला नियम पाळणाऱ्यांतली नाही. सह्या तिनं आणि दिवाकरनं दोघांनीही केल्या होत्या. घरी आल्यावर तिनं दोघांना मिळालेल्या गोळ्यांच्या बाटल्या समोर ठेवल्या. एकाला औषध आणि एकाला पीठ, असं तिच्या घरात कधी झालं नव्हतं. तिनं पाळी लावली. एक दिवस तिनं आपल्या बाटलीतली घ्यायची आणि दिवाकरनं त्याच्या, दुसऱ्या दिवशी अदलाबदल. औषध असेल ते दोघांना सारखं मिळेल. दिवाकरनं नेहमीप्रमाणे मान हलवली.

काही आठवड्यांनी दिवाकरचं जेवण तुटलं. मग डोळे पिवळे झाले. गावातल्या डॉक्टरनं कावीळ सांगितली, कोणीतरी झाडपाल्याचं औषध आणून दिलं. पुतळाबाईनं ऋतिकाला फोन केला आणि पिवळ्या डोळ्यांचं सांगितलं. तिकडे सगळे हलले, हे मी मान्य करते. दिवाकरच्या नावावर काय गेलं होतं ते त्यांनी उघडून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी ऋतिकाचा फोन आला. दिवाकरकाकांची गोळी साधी होती. या काविळीचा आमच्या औषधाशी काही संबंध नाही. त्यांची गोळी बंद करा आणि तिकडेच उपचार घ्या.

गोळी कोणाकोणाच्या पोटात गेली, एवढा एक प्रश्न कोणी विचारला नाही.

पुढे जे झालं ते मला पुतळाबाईनंच कुंपणाशी उभं राहून सांगितलं, तेही तावातावानं. माझ्या दिराला त्यांनी पिठाची गोळी दिली, म्हणाली. म्हणजे औषध माझ्या बाटलीत. आणि तो तिकडे पडलाय, अंगात त्राण नाही, गुडघे आखडलेत. काविळीशी औषधाचा संबंध नाही असं ते स्वतःच सांगतात, म्हणजे त्याला घ्यायला हरकत नाही. मी माझी गोळी बंद केली टीचर, आता रोज त्यालाच देते. इतके दिवस त्याच्या वाटणीचं अर्धं मीच खाल्लं.

मी तिला अर्धं म्हणजे काय ते विचारलं, आणि गोळ्यांच्या पाळीचं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. म्हणजे तिच्या बाटलीतलं औषध पहिल्यापासून त्याच्याही पोटात जात होतं. आम्ही दिवाकरला रिक्षात घातलं. तो उभाही राहू शकत नव्हता, त्याला लघवी गडद चहासारखी होत होती आणि तो मधूनच भलतं बोलत होता. वसईच्या दवाखान्यातून त्याला त्याच दिवशी मुंबईला, त्या कॉलेजच्याच रुग्णालयात हलवलं. लिव्हर सुजलं होतं. वाचेल की नाही ते सांगता येत नाही, म्हणाले.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी आम्हाला खोलीत बोलावलं. पुतळाबाईनं काही लपवलं नाही. पाळी, अदलाबदल, फोननंतर सगळ्या गोळ्या दिवाकरला, सगळं सांगितलं. मोठे डॉक्टर ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा आवळत गेला. त्यांनी तिच्या नावाची नोंद उघडून पाहिली, औषध तिच्याच बाटलीत होतं. ते म्हणाले, हा तर नियमभंग आहे. तुमच्या दोघांची माहिती आता अभ्यासात वापरता येणार नाही, तुम्हाला वगळावं लागेल.

मी तोंड उघडणार तेवढ्यात पुतळाबाई बोलली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला भीती वाटली.

“वगळा. पण त्याचे डोळे पिवळे झाले ते कुठं लिवणार?”

डॉक्टर म्हणाले की तो भाग वेगळा, चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीला कळवायचा की नाही ते बघावं लागेल. तेव्हा मात्र मी मध्ये पडले आणि माझा आवाज चढला. हे औषध पोटात गेल्यावर एका माणसाचं लिव्हर सुजलंय, आणि आणखी कितीतरी गावांतली माणसं तीच गोळी आज घेतायत. बघावं लागेल म्हणजे काय? त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि कळवतो म्हणाले. कळवलंही. काही दिवसांनी नवीन माणसं घेणं थांबलं आणि जी गोळ्या घेत होती त्या सगळ्यांचं रक्त पुन्हा तपासलं. पुढे ज्या आणखी दोघांचं लिव्हर बिघडायला लागलं होतं त्यांच्या गोळ्या वेळेत बंद झाल्या.

पण त्या दिवशी खोलीतून उठताना पुतळाबाईनं आणखी एक प्रश्न विचारला. दिवाकरनं फक्त स्वतःच्या बाटलीतली घेतली असती तर? मोठ्या डॉक्टरांनी खरं ते सांगितलं. तर त्यांना काही झालं नसतं.

“म्हणजे मी दिली,” ती म्हणाली.

तिथं कोणीतरी नाही म्हणायला हवं होतं. आम्ही सांगितलं नाही म्हणून झालं, एवढं एक वाक्य डॉक्टरांनी म्हणायला हवं होतं. ते कागद चाळत राहिले. मी म्हटलं, जिन्यात, रिक्षात, घरी आल्यावर, कितीदा तरी म्हटलं. माझ्या म्हणण्याचा उपयोग झाला नाही. जन्मभर जगावर रागावलेली ही बाई स्वतःवर रागावली, आणि तो राग सोडवणं माझ्या हातात नव्हतं. दिवाकर महिन्याभरानं घरी आला, काटकुळा झालेला, पण जिवंत. तो तिच्या ओट्यावर येऊन बसला की ती मागच्या दारानं वाडीत जायची. त्याच्या पानात वाढायचं काम तिनं बंद केलं. डबा तयार करून माझ्याकडे द्यायची, टीचर, तुम्ही न्या.

औषधाची मात्रा कमी करून चाचणी पुन्हा सुरू झाली. तीच मंडळी आमच्याच सभागृहात आली. खुर्च्या भरल्या. दिवाकर दाराजवळ बसला होता. पुतळाबाई येईल असं मला वाटलं नव्हतं, पण ती आली आणि सरळ पुढे जाऊन ऋतिकाच्या टेबलापाशी उभी राहिली. कागद वाटायला सुरुवात झाली होती.

“थांबा. आधी माझं ऐका. मी माझ्या दिराला माझ्या हातानं गोळी दिली आणि त्याला मरणाच्या दारात नेलं. मला कोणी सांगितलं नव्हतं. तुमच्यातल्या कोणाला माझ्यासारखं म्हणायची पाळी यायला नको. ही पोरगी आता सगळं सांगेल. कळलं नाय तर पुन्हा सांगेल. मग ज्याला करायची त्यानं सही करा.”

दाराजवळून दिवाकर उठला, हळूहळू पुढे आला आणि तिच्या शेजारी उभा राहिला. या वेळी ती तिथून गेली नाही. ऋतिकाचे डोळे भरले होते. तिनं हातातले कागद टेबलावर उलटे ठेवले आणि म्हणाली, आजी, चूक तुमची नव्हती, आमची होती.