शाणूच्या कोयत्यावरचा आळ

"शाणू, डोकं घट्ट धर!" मी ओरडलो. हळर्णच्या एका गोठ्यात मी बैलाच्या मांडीला टाके घालत होतो. दुसऱ्या बैलाने त्याला शिंग खुपसलं होतं. शाणू शेजारच्या कुळागरात, म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत, राबणारा गडी. नुसता बघायला आलेला, त्याला मी कामाला जुंपलं.

जखमेत वाकून बघत तो हळूच म्हणाला, "दोतोर, बाबलाक असोच घाव आसलो."

माझा हात थांबला. मी पेडण्यात बदलून येण्याच्या कितीतरी आधी याच गावातल्या बाबलाचा खून झाला होता. प्रेत पहाटे कुळागरात सापडलं, तेही शाणूलाच. आदल्या दिवशी पाटाच्या पाण्यावरून दोघांची बाचाबाची झालेली, त्यात शाणूच्या कमरेला कोयता. पोलिसांना एवढं पुरलं. विहीर उपसली, गावातले कोयते गोळा केले, हाती काही लागलं नाही. शाणू सुटला, पण गावाने त्याला सोडलं नाही. आता त्याच्या मुलीला बांद्याहून स्थळ आलं होतं आणि मुलाकडचे विचारत होते, "बापूस खुनी, ह्यां खरां?"

"बाबलाची लुंगी कापली होती की जखमेत गेली होती?" मी विचारलं.

"आंत गेल्ली. बोळो जाल्लो तिचो."

कोयत्याचा घाव लांब, उघडा असतो. कापड सरळ कापलं जातं. शिंग मात्र बाहेर लहान भोक पाडतं, आत खोल घुसतं आणि कापडही आत ढकलतं. अशी भोकं मी नोकरीभर शिवली आहेत.

घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पेडण्यातली गुरं संपली वाटतं! आता फौजदार व्हायचंय?" ऐकतो कोण? दुसऱ्या दिवशी मी पोलीस स्टेशनला गेलो.

"डॉक्टरसाहेब, रिपोर्टमध्ये शार्प वेपन आहे," इन्स्पेक्टर म्हणाले.

"शिंगही शार्पच असतं. धिरयोसाठी, म्हणजे बैलांच्या झुंजीसाठी, तासून ठेवतात."

"मग आरोपी कोण लिहू? बैल?"

दोघेही हसलो. चहा मात्र चांगला होता.

कुळागराला लागून नामदेवचं घर. त्याच्या गायींसाठी मी नेहमी जायचो. गोठ्याच्या कोपऱ्यात जाडजूड खांब आणि लोखंडी साखळी होती. गाईला कोणी असं बांधत नाही.

"नामदेव, हांगा बैल आसलो?"

"आसलो. झुंजीचो. विकलो."

"कधी?"

"बाबल गेलो त्याच आठवड्यात." एवढं बोलून तो खाली बसला. "दोतोर, रातचें साखळींतल्यान सुटून गेल्लो. सकाळीं परत आयलो तेन्ना शिंगाक रगत. हांवें ताका नदीर व्हरून धुलो. शाणूक धरलो तेन्ना माका वाटलें, दोन दिसांनी सोडतले."

"सोडला की. पोलिसांनी."

नामदेव रडला. मला राग आला होता, तरी त्याचीही दया आली. "बांद्याचे पाहुणे रविवारी येणार आहेत," एवढंच मी सांगितलं.

रविवारी तो शाणूच्या अंगणात आला आणि पाहुण्यांसमोर, जमलेल्या गावासमोर सगळं बोलला. लग्न ठरलं. मीही दोन लाडू जास्तच खाल्ले. पोलिसांनी नामदेवचा जबाब घेतला, पण बैल सापडायचा कुठे? ऐकतो ते खरं असेल तर फाईल अजून 'तपास लागला नाही' याच शेऱ्यावर आहे.

निघताना मी शाणूला विचारलं, "नामदेवचा राग नाही येत?"

"येता थोडो. पूण दोतोर, सगळ्यांनी माका विचारलें, कशाक मारलो. घाव कसो आसलो तें तुमी एकट्यांनीच विचारलें."

शहाणपण माझं नव्हे. माझे पेशंट बोलत नाहीत, म्हणून मला आधी जखम बघावी लागते. ते बोलत असते तर कदाचित मीही गावासारखंच विचारलं असतं.