बाजूच्या सीटचं माप

सकाळचे सव्वासात वाजले होते. गादीवहिनी एका हाताने कुकरचं झाकण लावत होती, दुसऱ्या हाताने दुधाखालचा गॅस बारीक करत होती आणि तोंडाने दिराला बाथरूममधून बाहेर काढत होती.

"भावजी, टाकी रिकामी होईल! अंग धुताय की गाडी?"

आत पाणी चालूच राहिलं. उत्तर द्यायचं तर नळ बंद करावा लागला असता. तेवढ्यात दारावर टकटक झाली. मोजून तीनदा, मग अदबीने थांबून आणखी तीनदा. इतक्या सभ्यपणे या घराचं दार कोणी वाजवत नसे. गिऱ्हाईक आलं तर मागच्या शेडचा पत्रा बडवी, आणि नवरा आला तर कोपऱ्यावरूनच ट्रकचा हॉर्न देई. पण तो लांबच्या फेरीवर होता, आणखी चार दिवस यायचा नव्हता.

दारात दातांचे डॉक्टर उभे होते. काखेत वजनकाटा. आपण ज्यावर उभं राहतो, मान वाकवून आकडा बघतो आणि मग काट्यालाच नावं ठेवतो, तसला.

"वहिनी, शेड नऊला उघडते हे माहीत आहे मला," डॉक्टर म्हणाले, "पण दहाला पेशंट आहे, आणि माझ्याच्याने आता थांबवत नाही. गाडी आणखी जोरात पळावी म्हणून गाडीतलं फालतू वजन काढायचं ठरवलंय."

"कोणाचं?" वहिनीने विचारलं.

डॉक्टरांना ते लागलं नाही. शर्टाची मधली दोन बटणं पोटाशी भांडत होती, पण डॉक्टरांची नजर पोटाच्या पलीकडे, रस्त्यावर उभ्या लाल गाडीवर होती. वहिनीचीही नजर तिकडे गेली, आणि आत दूध उतू गेलं.

गादीवहिनीचं खरं नाव तिच्या पासबुकात असेल. आजूबाजूच्या चार रस्त्यांत कोणाला ठाऊक नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा ट्रकच्या सीटने नवऱ्याची कंबर धरलेली असायची. प्रत्येक फेरीहून आला की बूटसुद्धा न काढता जमिनीवर पालथा. सासूने लेप लावले, शेजाऱ्यांनी मालिशवाले सुचवले. नव्या सुनेने एक दिवस ट्रकमधली सीटच उचकटून आणली आणि उसवून बघितली. आत स्पंजाचा भुगा, दोन खिळे आणि कोणाची तरी कंगवी. मग तिने जाड कापडाची थैली शिवली, तीत ओलसर बारीक वाळू भरली, वर प्लॅस्टिक घातलं आणि नवऱ्याला दहा मिनिटं तिच्यावर बसवून ठेवलं. उठल्यावर वाळूत जो खड्डा राहिला, त्याच्या बेताने स्पंज कापून नवी गादी शिवली. पुढच्या फेरीहून नवरा आला तो दोन पायांवर. आठवड्याभरात दारात चार ड्रायव्हर उभे, चौघांचाही हात कमरेवर. त्याला आता सव्वीस वर्षं झाली. शिलाई मशीन तीनदा बदललं. थैली अजून तीच आहे, फक्त वाळू बदलते.

या सव्वीस वर्षांत तिला एक विद्या फुकटात मिळाली. जुनी सीट उसवली की तिला बसणारा कळतो. पैशांचं पाकीट मागच्या खिशात ठेवून तिरका बसणारा कळतो. 'मी टॅक्सीत कधी झोपत नाही' म्हणणाऱ्याच्या सीटला मानेपाशी तेलाचा डाग असतो. सिगारेट सोडलेल्यांची राख शिवणीत सापडते. लोक दातांच्या डॉक्टरांपुढे तोंड उघडतात, वहिनीपुढे सीट उघडतात, आणि दोन्हीकडे आतलं किडकं दिसतंच. वहिनी मात्र बघून गप्प बसते. निदान बराच वेळ.

नऊ वाजता शेड उघडली तेव्हा डॉक्टर पायरीवर बसूनच होते. पेशंटचं दुखणं अकरावर ढकललं होतं. आधी त्यांनी काय काय काढलंय त्याची यादी वाचून दाखवली. मागची सीट, स्टेपनी, उन्हाच्या झडपा, पुढच्या कप्प्याचं दार. प्रत्येक वस्तू स्वतः काट्यावर तोलली होती. झडपा चारशे ग्रॅम, असं ते ज्या सुरात म्हणाले त्या सुरात लोक मुलाचे मार्क सांगतात.

"आता सीट," डॉक्टर म्हणाले. "मूळची एक सतरा किलोची. मी रेसच्या गाडीतल्यासारख्या दोन हलक्या मागवल्यात, सहा-सहा किलोच्या. बावीस किलो वाचले!"

"रात्रीचं जेवण सहा महिने अर्धं केलंत तर सीट न बदलता वाचतील," वहिनी म्हणाली.

"ते वेगळं वजन, वहिनी. गाडीचं नव्हे."

"मग तुम्ही काय गाडीच्या मागून धावता का?"

दीर हातातला वेल्डिंगचा चष्मा पुसत हसला. त्याच्याकडे गाडीचा सांगाडा ताठ करायचं काम होतं. सांगाडा ताठ म्हणजे काय, हे त्याने वहिनीला बुटाच्या खोक्यावर दाखवलं. झाकण काढून रिकामं खोकं दोन्ही हातांनी पिळलं की ते मुरडतं. मधे आडवी पट्टी चिकटवली की मुरडत नाही. तशा लोखंडी आडव्या दांड्या तो गाडीला बसवणार होता. एक पुढे इंजिनवरून, दोन पुढच्या सीटांच्या मागे.

"वळणावर गाडी पिळवटते, मला जाणवतं," डॉक्टर म्हणाले.

"कुठे जाणवतं?" वहिनीने विचारलं.

"पाठीत."

"ते वय असतं, डॉक्टर."

"आणि भावजी, तुमच्या दांड्यांचं वजन किती?" तिने वळून विचारलं.

दिराने चष्मा जरा जास्तच पुसला. "होईल वीसेक किलो."

म्हणजे वहिनीने बावीस काढायचे आणि दिराने वीस घालायचे. इतक्या खटपटीतून दोन किलोंची कमाई. तेवढा तर डॉक्टरांचा वजनकाटाच असेल. पण डॉक्टरांचा चेहरा इतका उजळला होता, की हौसेपुढे बेरीज-वजाबाकी काढून उपयोग नव्हता.

नव्या सीट आल्या. नुसती टणक कवचं, दोन्ही बाजूंनी उंच काठ, मांडीला आणि बरगडीला धरून ठेवणारे. आत बसायची गादी वहिनीने शिवायची होती. डॉक्टर थैलीवर बसले. दहा मिनिटं स्टिअरिंग धरल्यासारखे हात हवेत ठेवून, जबडा आवळून, भिंतीवरच्या कॅलेंडरला मागे टाकत.

"झालं. आता बाजूच्या सीटचं?" वहिनीने विचारलं.

"तीही माझ्याच मापाने करा. दोन्ही एकसारख्या दिसायला हव्यात. बघणाऱ्याला कळतं."

"पण बसतं कोण तिच्यावर?"

"फक्त बायको, आणि तीही रविवारीच. तिला काय, ती कशावरही बसते."

दर रविवारी ते बायकोला तिच्या मोठ्या बहिणीकडे नेत. बहीण डोंगरापलीकडच्या आजारी माणसांच्या आश्रमात होती. अंथरुणावर पडलेली, माणसं ओळखणारी, पण बोलणं गेलेली. भेटीची वेळ अकरा ते बारा, एक मिनिट इकडे-तिकडे नाही. जाताना डोंगराची एकोणतीस वळणं. डॉक्टरांनी ती बोटांवर न मोजता सांगितली.

"नऊ वर्षांत एक रविवार चुकवला नाही मी," ते म्हणाले. "मेहुणीसाठी इतकं कोण करतं?"

वहिनीलाही क्षणभर कौतुक वाटलं. ते त्या दुपारपर्यंत टिकलं.

दुपारी तिने बाजूची जुनी सीट उसवायला घेतली. पाठीचा भाग कोरा. नऊ वर्षं वापरलेल्या सीटच्या पाठीवर टेकल्याची एक सुरकुती नाही. बसायच्या जागी मागचा स्पंज फुगलेला, नवाच्या नवा, आणि पुढची चार बोटं काठ मात्र चिरडून पापडासारखा पातळ. जी कोणी बसत होती ती नऊ वर्षं या सीटच्या टोकावर बसत होती. डॉक्टरांनी वजन नको म्हणून पायाखालचा गालिचाही काढून दिला होता. वहिनीने तो उन्हाकडे धरला. ड्रायव्हरच्या बाजूचा जरा झिजलेला. बाजूच्या सीटपुढे मात्र, उजव्या पायाच्या चवड्याखाली, आरपार भोक. गाडीत जिथे काहीच नसतं, तिथे कोणीतरी नऊ वर्षं जीव खाऊन ब्रेक दाबत होतं.

वहिनीने संध्याकाळी डॉक्टरांना फोन केला. "बाजूच्या सीटचं माप घ्यायला बाईंना पाठवा. तुमच्या मापाची शिवून ठेवलीय, पण बसणाऱ्याला बघितल्याशिवाय मी सीट देत नाही. नाहीतर दोन्ही न्या दुसरीकडे."

"अहो वहिनी, तिचं नाहीच जमलं तर ती बसने जाईल. दोन बस बदलाव्या लागतात फक्त."

"आणि पोचेल कधी?"

"साडेबारापर्यंत."

भेट बाराला संपते, हे सांगणारे डॉक्टर स्वतःच होते. वहिनीने फोनकडे असं बघितलं, जणू त्यालाच कीड लागली होती.

शनिवारी सकाळी दोघं आली. लाल गाडी शेडमध्ये दांड्यांसकट उभी होती, दोन्ही सीट बसवलेल्या. डॉक्टरांची बायको लहान चणीची, पांढरे होत चाललेले केस, हातात नीट घडी घातलेला रुमाल. डॉक्टर तिला दांड्या समजावत होते. ती ऐकत होती, पेशंट ऐकतात तशी, तोंडात कापूस असल्यासारखी.

"बसून बघ," डॉक्टर म्हणाले.

उंच काठावरून पाय टाकून ती बाजूच्या सीटवर बसली आणि डॉक्टरांच्या मापाच्या खड्ड्यात दिसेनाशी झाली. वाटीत वाटाणा. डोकं काचेच्या खाली. समोरचं तिला काही दिसत नव्हतं.

"बरंच आहे," ती आतून म्हणाली. "वळणं दिसणार नाहीत."

दिराला हसू फुटलं. डॉक्टरही हसले, कारण सगळे हसत होते.

वहिनीने तिला बाहेर काढलं आणि वाळूच्या थैलीवर बसवलं. दहा मिनिटांनी बघितलं, तर थैलीच्या पुढच्या काठाला दोन बारीक खळगे आणि मागची वाळू जशीच्या तशी.

"बाई, मागे सरून बसा ना."

"सरलेय की," ती म्हणाली, आणि खरोखरच तिला तसं वाटत होतं.

मग मात्र वहिनीच्याने राहवेना. तिने गालिचा आणून डॉक्टरांपुढे धरला. दिराने त्या भोकातून बोट घालून हलवलं. "डॉक्टर, तुमच्या गाडीला दोन ब्रेक होते. आधी सांगायचं ना, याचंही वजन केलं असतं."

डॉक्टरांनी चष्मा लावला, भोक निरखलं, उसवलेल्या सीटचा चिरडलेला काठ दाबून पाहिला. दात तपासावा तसं सगळं नीट तपासलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटत होतं. वहिनीला वाटलं, आला बाबा उजेड.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले, "म्हणजे ही वळणावर पुढे घसरते. बरोबर. साधा पट्टा पुरत नाहीये. हिला चार पट्ट्यांचा लावू या, खांद्यावरून आणि कमरेवरून. हलणारच नाही!"

दिराने चष्मा डोळ्यांवर ओढला. वेल्डिंग तर काही चालू नव्हतं.

"तुम्ही यांना कधी सांगितलं नाहीत?" वहिनीने हळूच विचारलं.

"रोज नाही, पण रविवारी सांगायचे. मी किंचाळायचे, यांना वाटायचं मला मजा येतेय." तिने रुमालाची घडी उलटी केली. "आणि बोलणार किती, वहिनी? जास्त बोललं तर नेलंच नाही तर? ताई अकरा वाजता दाराकडे मान करून असते. तेवढंच तिला करता येतं."

"नेलं नाही असं कधी झालंय?" डॉक्टर दुखावून म्हणाले. "मी हौसेने नेतो!"

"हो. वळणांच्या हौसेने. आश्रम सपाट रस्त्यावर असता, तर मला पहिल्या वर्षीच बस दाखवली असतीत."

डॉक्टरांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. त्यांच्या धंद्यात हे काम दुसऱ्याचं असतं.

"तुम्हाला येते का गाडी चालवता?" दिराने विचारलं.

"यांना मीच शिकवली. लग्न ठरलं तेव्हा, माझ्या वडिलांच्या गाडीवर. महिनाभर यांना क्लच सापडत नव्हता."

"ते शिकवणं वेगळं," डॉक्टर पुटपुटले, "आणि चालवणं..."

पण ती त्यांच्याकडे बघत नव्हती. थैलीवरून उठून ती लाल गाडीपाशी गेली, बाजूच्या सीटवर हात ठेवून खड्डा चाचपून बघितला. डॉक्टरांच्या मापाचा, हुबेहूब. मग वहिनीकडे वळली.

"वहिनी, ही सीट यांना अगदी बरोबर बसते, ती राहू द्या. माझं एकच काम करा. ड्रायव्हरच्या सीटवर ठेवायला माझ्या मापाची एक गादी शिवा, काढता-घालता येईल अशी, काचेतून रस्ता दिसेल एवढी जाड. आज संध्याकाळपर्यंत हवी आहे. उद्या मी चालवणार आहे."