ठेंगण्या मोटारीतली अक्का

"यष्टी गेली ना? मंग तुला काय झालं जायला?"

हे वाक्य माझं. आयुष्यात मूर्खपणाची वाक्यं मी पुष्कळ बोलले आहे, पण बाकीच्यांनी कुणाची मोटार बुडाली नाही. तेव्हा मी तरुण होते. बासष्ट वर्षांची. आता सत्तरी ओलांडल्यावर त्या पोरीकडे मागे वळून पाहिलं की वाटतं, हिच्या तोंडाला कुणी दाभणानं दोन टाके का नाही घातले?

मोटार माझी नव्हती, हे सांगायला नको. ती अक्काची. म्हणजे तिच्या पोराची, पण चालवायची अक्का.

अक्का आमच्या समोर राहायची, जालन्यात, मस्तगडला. गल्ली इतकी अरुंद की तिच्या फोडणीनं मला ठसका लागायचा. ती धावड्याच्या शेतकऱ्याची लेक, मी बदनापूरकडची. दोघी एकाच उन्हाळ्यात नव्या नवऱ्या होऊन या गल्लीत उतरलो. ती माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी, तेवढ्या भांडवलावर ती अक्का झाली आणि मी जन्मभर धाकटी राहिले.

कुठलंही काम अंगावर घ्यायचं म्हटलं की ती आधी चपला काढायची, पदर कमरेला खोचायची आणि म्हणायची, "पाहू की, काय व्हतं!" मिक्सर गल्लीत पहिल्यांदा तिनं आणला, असंच म्हणून. स्कूटर शिकली, असंच म्हणून. मी काय केलं? मिक्सरच्या चटणीला चव नसते असं चार घरी सांगून आले, आणि पाचव्या महिन्यात नवऱ्याशी अबोला धरून मिक्सर आणवला. तुमच्याही गल्लीत अशी एक बाई असेल. नसेल, तर ती तुम्हीच असाल आणि समोरच्या घरात माझ्यासारखी एक असेल.

तिचे मालक गेले. सिमेंटचं दुकान बंद झालं आणि त्यांची जुनी व्हॅन दारात उभी राहिली. वर्षश्राद्ध झाल्यावर अक्का ड्रायव्हिंगच्या क्लासला निघाली. एकटीला कशी जाऊ द्यायची? मीही गेले. पहिल्याच दिवशी मी गियरकडे पाहत राहिले आणि रस्ता माझ्याकडे पाहत राहिला. रसवंतीवाल्याचं एक बाकडं मोडलं. घरी येऊन मी जाहीर केलं की मला मोटारीत चक्कर येते. अक्का शिकली. व्हॅन घेऊन भाजीला जायला लागली. मी पायीच जात होते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते की चालणं गुडघ्याला फार चांगलं.

मग ती लाल मोटार आली.

अक्काचा मुलगा पुण्याला. त्यानं हौसेनं कुणाकडून तरी जुनी स्पोर्ट्स मोटार घेतली होती. दोनच माणसांची, बसक्या नाकाची, जमिनीला पोट टेकवून निजलेल्या मांजरासारखी. त्याच्या इमारतीच्या चढावर तिचं नाक घासायचं, म्हणून त्यानं ती आणून वडिलांच्या रिकाम्या गोदामात ठेवली. व्हॅन विकून टाकली आणि आईच्या हातात हिची किल्ली दिली. "आई, गावातल्या गावात फिरव, बॅटरी उतरायला नको. पण पावसात काढायची नाही, आणि पाण्यात तर बिलकुल नाही. हिचं इंजिन खाली आहे."

"हौ," अक्का म्हणाली.

गल्लीनं तिचं नाव ठेंगणी ठेवलं. कोपऱ्यावरचा पानवाला रोज विचारायचा, "अक्का, आज मोटार घालून आल्या का नेसून?" आणि खरंच, तिच्यात बसायचं म्हणजे नेसण्यासारखाच कारभार होता. आधी पाठमोरं व्हायचं, देवाचं नाव घेऊन खाली पडायचं, मग लुगड्यासकट एकेक पाय आत ओढायचा. आत बसलं की रस्त्यावरची शेळी आपल्या डोळ्यांत डोळे घालून पाहते. गतिरोधक आला की अक्का मोटार तिरपी करायची, एक चाक आधी, एक मागून, जशी अवघडलेली बाई जिना उतरते. सकाळी गोदामाचं शटर वर जायचं, मागून तो गुरगुरणारा आवाज यायचा, आणि माझा चहा रोज कडू व्हायचा.

मोटारीला लिंबू-मिरची बांधायची तर अक्कानं मलाच बोलावलं. "तूच बांध, बाई. जिची नजर लागायची, तिनंच बांधली की फिट्टंफाट झाली."

मी हसले. पण रागानं गाठ इतकी आवळली की दोरा तुटला.

तर ते केदारखेड्याचं बारसं. माझ्या धाकट्या बहिणीचा नातू. बहिणीच्या सुनेच्या माहेरी चार मोटारी, आणि बहीण ते प्रत्येक फोनवर सांगायची. मला बारशाला जायचंच नव्हतं, मला मोटारीतून उतरताना दिसायचं होतं. पोळा होऊन गेला होता, पण पाऊस अजून माहेरी मुक्काम ठोकून बसल्यासारखा होता.

"अक्का, केदारखेड्याला येतीस का ठेंगणी घिऊन?"

"पोरानं गावाबाहेर नको म्हनलंय. आन् आभाळ पाह्यलं का?"

"ते आभाळ तिकडं मंठ्याचं हाय. आपल्याकडं न्हाई येत."

आभाळाला मी तालुका नेमून दिला. अक्कानं माझ्याकडं पाहिलं, चपला काढल्या, पदर खोचला. "चल. पाहू की, काय व्हतं!"

राजूरला गणपतीला मोटारीतूनच हात जोडले आणि पुढं निघालो तर मंठ्याचं आभाळ आमच्या आधी येऊन बसलं होतं. असा पाऊस की पुढचा ट्रकच दिसेना, नुसते त्याचे लाल दिवे. ट्रकचं चाक आमच्या डोक्याहून उंच. शेजारून एक गेला की अंगणात बादली उपडी करावी तसं पाणी आख्ख्या मोटारीवरून जायचं, आणि क्षणभर आत आम्ही दोघी आणि बाहेर काहीच नाही. काच धुरकट झाली. मी पदरानं पुसत होते. एका उताराच्या पायथ्याशी रस्त्यात पाणी साचलं होतं, तिथं चाकं एकदम हलकी झाली, जशी जमीनच सुटली. माझ्या तोंडून किंकाळी निघाली. अक्कानं ब्रेक नाही दाबला. पाय उचलला, स्टेअरिंग हलक्या हातानं सरळ धरून राहिली, आणि मोटार आपोआप रस्त्यावर टेकली.

"वराडतीस काय गं? पान्याला वाटंल आपन भ्यालो."

खरं सांगते, त्या क्षणी मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा मोटारीचा कधी वाटला नाही. साठी उलटलेली बाई, अनवाणी, आणि चेहरा असा की झोपाळ्यावर बसलीय. हे मला का नाही आलं? बाकडं तर एकच मोडलं होतं.

केदारखेड्याच्या अलीकडं मोठा रस्ता खोदलेला, म्हणून आतल्या रस्त्यानं वळलो. तिथल्या ओढ्यावरच्या बुटक्या पुलावर पाणी चढलं होतं. वाहतं नाही, तुंबलेलं, चहाच्या रंगाचं. अलीकडं चार-पाच मोटारसायकली, एक टेम्पो थांबलेला. अक्का उतरली, लुगडं वर धरून पाण्यात चालत पार मध्यापर्यंत गेली आणि परत आली.

"पोटरीला लागून राह्यलंय. ठेंगणीचं नाकबी तेवढंच. थांबू."

थांबू! जन्मात पहिल्यांदा ती 'पाहू की' म्हणाली नव्हती. माझ्या मांडीवर बाळाचं झबलं, टोपडं, चांदीचा वाळा. बारा वाजता पाळण्याची वेळ. तेवढ्यात मागून यष्टी आली. आता आमच्याकडची रीत तुम्हाला माहीत असेल. पुलावर पाणी असलं की माणसं पाण्याकडं पाहत नाहीत, यष्टीची वाट पाहतात. यष्टी गेली की रस्ता चालू झाला. यष्टी गेली. तिच्यामागं टेम्पो गेला, मोटारसायकली गेल्या.

तेव्हा मी ते वर लिहिलेलं वाक्य बोलले.

"यष्टीचे पाय लांब हायत," अक्का म्हणाली.

"भ्याली म्हन की सरळ. मस्तगडात तेवढी वाघीन."

तिनं आत बसून दार ओढून घेतलं. पहिल्या गियरमध्ये टाकून मोटार पाण्यात घातली. हळू, एका चालीनं, नाकासमोर छोटीशी लाट ढकलत. आणि ती गेलीही असती हो. निम्म्याच्या पुढं आलो होतो. पण समोरून एक जीपवाला जोरात पाण्यात घुसला. त्याची लाट आमच्या बॉनेटवर चढली, काचेवर आपटली. ठेंगणी दोनदा खोकली आणि गप झाली.

दाराखालून पाणी आत आलं. आधी पावलं, मग घोटे. झबलं मांडीवरून घसरून तरंगायला लागलं.

"चालू कर ना," मी म्हणाले.

"आता चालू केली तर मरंल ती." अक्कानं किल्ली काढून मुठीत धरली.

ट्रॅक्टरनं आम्हाला ओढून केदारखेड्याला नेलं. ज्या मोटारीतून उतरताना दिसायचं होतं, तिच्यातून मला दोन गडी हाताला धरून बाहेर काढत होते आणि बहिणीची सून मोबाईलवर त्याचं चित्र घेत होती. बाळाचं नाव काय ठेवलं, ते मी नंतर विचारून घेतलं.

पण पाणी इंजिनात गेलं ते गेलंच. ठेंगणी टेम्पोत घालून गोदामात आणली. तिसऱ्या दिवशी मुलगा पुण्याहून आला. आमची अख्खी गल्ली गोदामापाशी.

"आई, तू पाण्यात घातलीसच कशी?"

"घातली. वाटलं, जाईल."

"अरे, ती मी—" मी तोंड उघडलं.

"तू गप," अक्का खेकसली. "तुला मोटारीतलं काय कळतं?"

सगळ्यांसमोर तिनं मला अडाणी ठरवलं, आणि मला खरंच राग आला. घरी येऊन भांडी आपटली. तिनं मला पाठीशी घातलं, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी शिरलं, कांदा चिरताना. तशीच ओल्या हातानं समोर गेले. "अक्का, तोंड माझं व्हतं. पोराला सांगून टाकते."

"तोंड तुझं व्हतं, पाय माझा व्हता. पाय मीच दाबला." आणि कुकर लावायला उठली.

मुलानं ठेंगणी मोठ्या गाडीवर चढवून नेली. किल्लीही नेली. आईवर ओरडला नाही, नुसतं म्हणाला, "आई, आता बस झालं." व्हॅन आधीच विकलेली. अक्काची मोटार संपली.

मला हवं तेच झालं होतं की नाही? सकाळी शटर वर जात नव्हतं. आम्ही दोघी पिशव्या घेऊन पायी भाजीला जायला लागलो, बरोबरीनं. चालणं गुडघ्याला चांगलं, हे ऐकवायलाही आता कुणी उरलं नाही. एकदा ती ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. मी आमच्या दारातून पाहत होते. तिचा डावा पाय मधूनच खाली दबायचा आणि हळू वर यायचा. क्लच. हात शेंगांत आणि पाय कुठल्या तरी रस्त्यावर. मी दार लोटून घेतलं.

पुढच्या वर्षी मुलगा तिला पुण्याला घेऊन गेला. तिथंच ती गेली. समोरच्या घरात आता मोबाईलचं दुकान आहे. त्यांच्या फोडणीचा ठसका लागत नाही.

ती पुण्याला निघाली त्या सकाळी मी तिच्यासाठी शेंगदाण्याची चटणी घेऊन गेले, पाट्यावर वाटलेली. पिशवीत ठेवता ठेवता मला राहवलं नाही. म्हटलं, "अक्का, एक सांगू? जन्मभर मी तुझ्यावर लई जळले गं."

तिनं पिशवीची गाठ मारली, माझ्याकडं न पाहताच हसली आणि म्हणाली, "येडे, तू जळत व्हतीस म्हनून तर मी मोटार शिकले. न्हाईतर मला कुठं जायचं व्हतं?"