शिक्का कुठाय?

"मंजूर-नामंजूर ते मागनं हो. अर्ज दिला का? शिक्का कुठाय?"

असं म्हणून आमच्या शेजारचे काका शिक्का मारावा तशी उजवी मूठ डाव्या तळव्यावर आपटत. गल्लीत गटार तुंबो की कुणाची पेन्शन, पहिला आवाज हा. हक्कांवर भाषणं देणारी माणसं तुम्हीही पुष्कळ ऐकली असतील; हक्काची पोच घेणारा माणूस मी हा एकच पाहिला.

म्हैसूरजवळच्या कडकोळमधल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर हजेरी मांडली. घराणं कापड रंगवणाऱ्यांचं. म्हैसुरातली कितवी पिढी, हे त्यांनाही नीट सांगता येत नसे. मी पुण्याहून आलेला शेजारी. माझ्या बोलण्याला ते हसत. "तुमचं मराठी इस्त्रीचं हो सार. आमचं रोज नेसायचं, अल्वा?" अल्वा म्हणजे, नाही का? त्यांच्या मराठीत क्रियापद येईपर्यंत वाक्य कन्नडमध्ये जाऊन बसलेलं असे. भाषिक अल्पसंख्याकांच्या हक्कांचे अर्ज मात्र ते सरळ, अस्खलित कन्नडमध्ये लिहीत. मी एकदा कोपरखळी मारली, "मराठीचा हक्क कन्नडमध्ये मागता?" "वाचणाऱ्याला कळायला नको?" ते म्हणाले.

गल्लीच्या तोंडाशी सरकारी शाळा आहे. तिथला मराठी वर्ग कधीच मिटला होता. उर्दू वर्ग उरला होता. एका उन्हाळ्यात कळलं, मुलं कमी म्हणून तोही बंद होणार. वर्गाच्या बाई यांच्याकडे आल्या. "चाचा, लांबच्या शाळेत मुलींना कोण धाडणार? घरीच बसवतील." यांनी चष्मा पुसला आणि कागद ओढला.

सह्यांसाठी ते आमच्या मराठी मंडळाच्या सभेत गेले. अध्यक्षांनी नुकतंच मायमराठीच्या जाज्वल्य वारशावर इंग्रजीत भाषण संपवलं होतं. शाल अजून अंगावर होती. अध्यक्ष म्हणाले, "आपला काय संबंध? आपला वर्ग गेला तेव्हा कोण आलं होतं?"

"कोणी नाही," हे म्हणाले. "मीसुद्धा नाही."

पिशवीतून त्यांनी एक पिवळा पडलेला कागद काढला. मराठी वर्ग चालू ठेवावा, असा अर्ज. अक्षर त्यांचंच. शिक्का नव्हता.

"लिहिला. मग पोराला इंग्रजी शाळेत घातलं. कुठल्या तोंडानं देऊ? सुम्ने, असाच पेटीत ठेवला." कागदाची घडी घालत म्हणाले, "त्यांनी नाकारला असता तर भांडलो असतो. मीच दिला नाही, आता कुणाशी भांडू?"

अध्यक्षांनी शाल सावरली आणि सही केली. तेवढ्यात चहाही आला होता, हे नमूद करायला हवं.

वर्ग वाचला, पण एका वर्षापुरता. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, असं उत्तर आलं. यांना केवढा आनंद! दरवर्षी एक शिक्का. रोज सकाळी ते शाळेच्या कट्ट्यावर बसून आतले पाढे ऐकू लागले. उर्दू येत नव्हती, तरी मधेच म्हणत, "चुकली बघा."

"तुम्हाला काय कळतं?"

"पाढा चुकला की सगळी एकदम गप्प होतात हो सार. भाषा कुठली का असेना."

यंदा शाळा उघडायच्या आधी ते गेले. पंधरवड्यानं बाई माझ्याकडे आल्या. हातात अर्जाच्या दोन प्रती, अक्षर त्यांचंच. तारखेची जागा तेवढी कोरी. अर्ज द्यायच्या दिवशी बाईंना वर्ग सोडता येईना, म्हणून प्रती घेऊन मी कचेरीत गेलो.

कारकुनानं एक प्रत ढिगात टाकली. "आयतु, होगी." म्हणजे झालं, या आता.

अर्ज-विनंत्यांवर माझा कधीच विश्वास नव्हता. मी दारापर्यंत पोचलोही. मग परतलो. माझं कन्नड अजून भाजी घेण्यापुरतंच. योग्य शब्द आठवेना. शेवटी पोचेची दुसरी प्रत खिडकीतून आत सरकवली आणि उजवी मूठ डाव्या तळव्यावर आपटली.