शिबिरातली दुपार

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आम्ही शाहूवाडीतल्या आमच्या घरी दर हिवाळ्यात लेखक-चित्रकारांचं निवासी शिबिर घ्यायचो. कल्पना माझीच होती, कारण मलाही कथा लिहायच्या होत्या. प्रत्यक्षात मी आठवडाभर सगळ्यांसाठी पाणी तापवायचे, चहा पाठवायचे, कुणाला उशी टणक लागली तर बदलून द्यायचे. तिसऱ्या वर्षी तर पाय सुजले होते.

एका दुपारी कबनूरच्या कवयित्री स्वयंपाकघरात आल्या. त्यांच्या घराला लागूनच यंत्रमाग होते.

"वहिनी, इथल्या शांततेत मला एक ओळ सुचत न्हाय," त्या म्हणाल्या. "भाकऱ्या मी करते. तुम्ही माझ्या खोलीत जाऊन लिवत बसा."

मी नको नको म्हणत असताना त्यांनी परात ओढून घेतली.

खोलीच्या खिडकीतून कापणी झालेली भातशेतं दिसत होती. मी कोरा कागद पुढ्यात घेतला आणि त्याच्यावरच डोकं टेकून झोपले. उठले तेव्हा अंधार पडला होता आणि बाहेर सगळ्यांची जेवणं चालली होती.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

"झोप लागली."

"बरं झालं की," म्हणत त्यांनी मला ताट वाढलं.

पुढच्या वर्षी मी शिबिर घेतलं नाही.