शेंदराखालचं जातं

हडपसरचं आमचं शेत कॉम्प्युटरच्या कंपनीला विकलं, तेव्हा बांधावरचा म्हसोबा हलवायची वेळ आली. इंजिनिअर मुलगा त्याला उचलायला गेला, तर शेंदराचा थर निघून हातात आला. आत फुटक्या जात्याची तळी होती.

“बघ आई, हा तुझा देव! राहू दे इथंच.”

“मला माहीत आहे. सासूबाईंनीच ती मांडली. मी लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी सांगितलं.”

“मग हात कशाला जोडत होतीस?”

“तुझे वडील माझ्याशी कधी धड बोलले नाहीत. दिवसभर शेतात माझं ऐकायला दुसरं होतं कोण?”

“दगड ऐकतो? कशावरून?”

“कशावरूनही नाही. उचल आणि गाडीत ठेव.”

त्यानं ठेवला. फ्लॅटवर पोचताच मी तेलात शेंदूर कालवायला घेतला.