सरदाराची कादंबरी आणि काकांचे रक्त

बोंडअळीला मारणाऱ्या बीटी कपाशीच्या सुरुवातीच्या वर्षांत, दुसऱ्या वेचणीच्या दिवसांत, बुलढाण्याच्या एका दवाखान्यात माझे हिमोग्लोबिन ४.१ भरले. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातून प्राणवायू वाहून नेणारा घटक. विशीतल्या पुरुषात तो तेराच्या आसपास लागतो.

महिनाभर चार पावलांत धाप लागत होती. पाऊस कमी, बोंडे कमी. घरी सगळेच थकलेले. माझ्याकडे कोणी वेगळे पाहिले नाही.

शौचाच्या तपासणीत हूकवर्म निघाले. हे बारीक जंत मातीतून, तळपायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्याला चिकटून रक्त पितात.

"शेतात चप्पल घालता?" डॉक्टरांनी विचारले.

आमच्या घरी वेचणीला चप्पल बांधावर काढतात. पीक म्हणजे लक्ष्मी. तुमच्याकडेही हीच रीत असेल आणि धाप लागत असेल, तर ही तपासणी करून घ्या.

मला भरती करून घेतले. सोबतीला बीबी या आमच्या गावाहून काका आले होते. शेजारच्या खाटेवरच्या निवृत्त मास्तरांनी मला पुठ्ठा निघालेली एक कादंबरी दिली: रक्त पिऊन जगणाऱ्या विलायती सरदाराची, मराठीत आणलेली. अशी कादंबरी मी पहिल्यांदाच वाचत होतो. दुपारी काकांना मोठ्याने वाचून दाखवायचो.

"अन् थो मरत काऊन नाही बे?"

"मेलेलाच आहे, काका."

"मंग बोंडअळीसारखं त्याच्यावर बी बीटी काढा म्हणा!"

मास्तर खोकला येईपर्यंत हसले. स्पिरिटचा वास आला की मला अजून ती दुपार आठवते.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हृदयावर ताण येतोय. संध्याकाळपर्यंत रक्त लागलंच पाहिजे." रक्तपेढी बदली रक्त मागत होती, म्हणजे रक्त हवे तर नातेवाइकाने बदल्यात आपले द्यायचे. काका नऊला गेले. त्यांचा गट जुळला नाही. पुतण्याला आपले रक्त चालत नाही, एवढेच ऐकून ते कोणाला न सांगता एसटीने बीबीला निघून गेले.

बदल्यात कोणत्याही गटाचे रक्त चालते, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. सिस्टरने गावातल्या एसटीडी बूथवर फोन करून निरोप दिला. काका चारला परतले.

"मले वाटलं, माह्याच रक्तात खोट हाये," ते म्हणाले आणि बाही वर करत रक्तपेढीकडे गेले.

साडेपाचला मला माझ्या गटाच्या रक्ताची पहिली पिशवी चढली. आठव्या दिवशी हिमोग्लोबिन ७.६ झाले आणि सुट्टी मिळाली.

निघताना सिस्टरने सांगितले, काकांचे रक्त वरच्या मजल्यावरच्या एका बाळंतिणीला चढले होते. ती आमच्या दोन दिवस आधी, बाळ घेऊन घरी गेली.